केरबाचं आधण

उदयसिंहाची मोटारसायकल दारात थांबली तेव्हा बायडाबाई गोठ्यातलं शेण पाटीत भरत होती. हात तसेच बरबटलेले ठेवून ती बाहेर आली.

"तात्या हाईत काय घरात, अक्का?"

"हाईत की. कुटं जात्यात?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. केरबा आत भिंतीला टेकून बसला होता आणि त्याला ते ऐकू गेलं असणार. दोन हंगाम तो असाच बसून होता. त्याआधी उदयसिंहाच्या गुऱ्हाळावर केरबा गुळव्या होता. थोरल्या मालकांच्या वेळेपासून काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे त्याच्याशिवाय कुणी बोलायचं नाही. भोगावतीच्या दोन्ही काठांवर त्याच्या हाताचा गूळ माहीत होता. मग धाप लागायला लागली. आधी ती चढणीला लागायची, मग जाळाशी उभं राहिलं की, मग बसल्या जागी. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं, दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक निळा, अडल्या वेळेचा, आणि म्हणाले, धुरात आता जायचं नाही. त्या दिवसापासून केरबा दोन म्हशी आणि अंगण एवढ्यात राहिला.

उदयसिंह सोप्यात येऊन बसला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "सम्राटचा मामा वारला शिरोळला. त्यो तिकडं गेलाय." सम्राट म्हणजे त्याचा नवा गुळव्या. "हिकडं ऊस तोडून पडलाय. लई दिस पडला तर वाळतोय, गुळाला रंग येत न्हाय. तात्यांनी उद्याचा एक दिस नुसतं हुबं ऱ्हायचं. जाळ घालायला, ढवळायला माणसं हाईत. त्यास्नी फकस्त सांगायचं, कवा उतरवायचं त्ये."

केरबानं बायडाबाईकडं बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तो कधी असा तिच्या तोंडाकडं बघत बसला नव्हता. तिला वाटलं, नाही म्हणावं. पण तिच्या डोळ्यांसमोर रोजचा चहा आला. चुलीवर चहा उकळायला लागला की केरबा आतून उठून यायचा, पातेल्यावर वाकून बुडबुडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "उतरव." चहा उतरवायला कुणी सांगायला लागत नाही. तरी ती थांबायची. तो येऊन सांगेपर्यंत ती पातेल्याला हात लावायची नाही.

"एकच दिस," ती म्हणाली. "आणि चुलवाणाच्या जाळाकडं जायचं न्हाय."

"न्हाय जात," केरबा म्हणाला. तेवढं बोलताना त्याचा श्वास कुठं अडकला नाही.

दिवस उजाडायला त्यानं अंघोळ केली, ठेवणीतला नेहरूशर्ट काढला, टोपी नीट बसवली. दाराआड जाऊन रोजचा पंप ओढला, चूळ भरली. पंप तो कायम दाराआडच ओढायचा. गावात एकदा कुणी तरी म्हणालं होतं, केरबाला आता हवा भरायला लागती, सायकलच्या चाकासारखी. लोक हसले होते आणि केरबाही त्यांच्यात हसला होता. बायडाबाईनं निळा पंप त्याच्या खिशात घातला. तो निघून गेला. ती अंगण झाडायला लागली तर गोठ्याच्या कोनाड्यात, दावं ठेवायच्या जागी, निळा पंप ठेवलेला.

तिनं तो उचलला. पेटीतून प्लास्टिकचं नळकांडंही काढलं. पंप त्याच्या एका टोकाला लावायचा, दुसरं टोक रुग्णाच्या तोंडाला, असं दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला करून दाखवलं होतं. केरबानं ते एकदाही वापरलं नव्हतं. ते तान्ह्या पोरांचं खेळणं वाटतं, म्हणायचा. बायडाबाईनं दोन्ही फडक्यात बांधून कमरेला खोचलं. मग भाकरी थापल्या, झुणका केला, बुट्टी डोक्यावर घेतली आणि ती मळ्याच्या वाटेला लागली.

गुऱ्हाळ लांबूनच दिसत होतं. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. आत गेल्यावर तिला आधी केरबाची पाठ दिसली. काहिलीच्या कडेला तो उभा होता. काहील म्हणजे चार माणसं आत झोपतील एवढी कढई, आणि तिच्यात पिवळा रस उसळ्या मारत होता. एक गडी लांब दांड्याच्या झाऱ्यानं वर आलेली काळी मळी काढत होता. केरबा हात पाठीमागं बांधून बघत होता. घरात बसून त्याची पाठ वाकली होती. इथं ती सरळ होती.

"भेंडीचा रस घाल आणि," तो म्हणाला. "अजून मळी हाय पोटात."

गड्यानं घातला. काहिलीवर फेस आला, काळपट घाण वर तरंगली, गड्यानं ती ओढून घेतली. केरबानं मान हलवली. बायडाबाई भिंतीशी बुट्टी ठेवून तिथंच बसली. तिला घरी म्हशींचं काम होतं. तरी ती उठली नाही.

दोन आधणं छान उतरली. एका काहिलीच्या रसाचा गूळ होऊन निवायच्या वाफ्यात पडला की ते एक आधण. दुपारी माणसं जेवली. केरबानं दीड भाकरी खाल्ली, घरी तो अर्धीच्या वर खात नव्हता. उदयसिंह त्याच्या शेजारी बसला होता.

"तात्या, रंग बगितलासा काय? सम्राटच्या हाताला न्हाय येत असला."

"यील. पोरगा चांगला हाय."

"तुमी अदनंमदनं येत जावा."

केरबा बायडाबाईकडं बघून जरासा हसला. ती बुट्टी आवरायला लागली आणि तरी तिथंच घुटमळली.

तिसरं आधण चढलं आणि वारा पडला. सकाळपासून सरळ वर जाणारा धूर खाली वळला. त्यातच जाळ घालणाऱ्यानं ढिगाच्या तळातलं चिपाड ओढलं. रस काढून राहिलेलं उसाचं चिपाड वाळवून जाळतात, पण हे ओलं होतं. चुलवाणानं पांढरा धूर ओकला. छपराखाली तो साचून राहिला. बाकीची माणसं डोळे पुसत होती. केरबा खोकला. एकदा, दोनदा. मग त्यानं तोंडाला टॉवेल लावला.

बायडाबाई उठून त्याच्या मागं गेली. "बाहीर चला."

"एवढं... आधण."

"अवो, चला म्हणते."

"आलं बग. एवढं... उतरू दे."

तिनं काहिलीत बघितलं. रस घट्ट होत आला होता, मोठे बुडबुडे फुटून बारीक होत होते. तिला ते कळत होतं. कमरेचा पंप हाताला लागत होता. तो तेव्हाच काढून त्याच्या हातात द्यायला पाहिजे होता. पण भोवती माणसं होती, आणि त्याची पाठ अजून सरळ होती. एवढं उतरू दे, असं तिच्याही मनात आलं.

केरबानं काठीच्या टोकानं थोडा पाक काढून पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी केली, दगडावर टाकली. गोळी टण वाजली. त्यानं तोंड उघडलं. त्यातून शब्द आला नाही. नुसती शिट्टी आली, बारीक आणि लांब.

"उतरवायचं न्हवं, तात्या?" उदयसिंहानं विचारलं.

केरबानं मान हलवली. माणसांनी काहील ओढली, गूळ वाफ्यात पडला, आणि केरबा होता तिथंच गुडघ्यावर बसला.

त्याला बाहेर झाडाखाली आणलं. दोन्ही हात मांडीवर रोवून तो पुढं झुकला होता. दर श्वासाला खांदे कानापर्यंत चढत होते आणि गळ्याखाली खड्डा पडत होता. कपाळावरून घाम धारा लागून गळत होता. कुणी म्हणालं, आडवं करा. कुणी गरम तेल आणायला सांगितलं. जाळ घालणारा बिचारा लांब उभा होता, त्याच्या हातात अजून चिपाडाची पेंडी होती.

"आडवं करायचं न्हाय," बायडाबाई म्हणाली. "बसतंच ठेवा त्यास्नी. आणि तुमी सगळी जरा लांब व्हा. वारं लागू दे."

तिनं फडकं सोडलं. पंप हलवला, नळकांड्याला लावला, दुसरं टोक केरबाच्या तोंडाशी नेलं. त्यानं हातानं ते बाजूला सारलं. त्याचे डोळे तिच्याकडं नव्हते, उभ्या राहिलेल्या माणसांकडं होते.

"गप बसा," ती म्हणाली. ती त्याला असं कधी बोलली नव्हती. "तोंड लावा. बगू दे कोण बगतंय त्ये."

त्यानं तोंड लावलं. तिनं पंप एकदा दाबला. "घ्या. सावकाश घ्या. आणि एकदा. आणि." चारपाच श्वास झाल्यावर तिनं पंप हलवून पुन्हा दाबला. एका वेळी एकच फवारा, नर्सबाईनं बजावलं होतं, घाई करून सगळा एकदम मारायचा नाही. उदयसिंहानं एकशेआठला फोन लावला होता. त्यानं फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून बाई बोलत होती, बसवूनच ठेवा, पंप देत राहा, गाडी निघालीय.

दहाएक फवारे झाले तसा केरबाचा श्वास जरा सैल झाला. त्यानं मान वर केली, "पाणी," म्हणाला. तिनं पाजलं. तिला वाटलं, जमलं. पण पाण्याचा तांब्या खाली ठेवते तोवर खांदे पुन्हा चढायला लागले. या वेळी जास्त.

फोन परत वाजला. गाडी डांबरी रस्त्याला आली होती, पण मळ्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक उभ्या होत्या, त्यातल्या एकीचं चाक फसलं होतं. आत येता येत नव्हतं. उदयसिंहानं गुळाचा छोटा टेम्पो मागवून घेतला. ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची त्यात ठेवली. केरबाला उचलून तिच्यात बसवलं आणि उदयसिंह त्याच्या पाठीमागं उभा राहिला, दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरून. बायडाबाई समोर गुडघ्यावर. टेम्पो बांधाबांधानं निघाला. खुर्ची हिंदकळत होती. केरबाची टोपी कुठं पडली ते कुणाला कळलं नाही. त्याची विजार ओली झाली होती. बायडाबाईनं पदर सोडून त्याच्या मांडीवर टाकला आणि पंप दाबला.

अर्ध्या वाटेत शिट्टी थांबली.

"थांबली बगा, अक्का," उदयसिंह म्हणाला. "लागलं औषद."

बायडाबाईनं डोळे मिटले. किती वर्षं ती शिट्टी तिनं ऐकली होती. झोपेत, जेवताना, देवळात आरतीला. कधी कधी तिला त्या आवाजाचा एवढा संताप यायचा की ती उठून गोठ्यात जाऊन बसायची. कधी एकदा थांबेल, असं व्हायचं. आता ती थांबली होती. तिनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. केरबाचे डोळे अर्धे मिटलेले होते. ओठ जांभळाच्या रंगाचे. मान उदयसिंहाच्या हातावर कलली होती.

"टेम्पो पळव," ती ओरडली.

डांबरीवर गाडी उभी होती. आतली डॉक्टरीण तरुण होती, केस घट्ट बांधलेली. तिनं केरबाला बसवूनच आत घेतलं, नाकातोंडावर मुखवटा चढवला, ऑक्सिजन सोडला. मग छातीला ऐकायची नळी लावली. एकीकडं, दुसरीकडं, पाठीला.

"शिट्टी थांबलीया की," बायडाबाई म्हणाली. तिला कुणी तरी हो म्हणायला हवं होतं.

"मावशी, शिट्टी वाजायला आत वारा फिरावा लागतो," डॉक्टरीण म्हणाली. ती हातानं काम करत होती आणि बोलत होती. "यांच्या श्वासाच्या नळ्या आवळल्यात. वाराच फिरंना झालाय. तुम्ही पंप दिला?"

"दिला. वाटभर दिला."

"छान केलंत. आता आम्ही देतो."

मुखवट्याला खाली एक छोटी वाटी होती. डॉक्टरणीनं दोन औषधं तिच्यात ओतली. ऑक्सिजनच्या जोरानं त्यांची पांढरी वाफ झाली आणि केरबाच्या तोंडावर पसरली. बायडाबाईला धूरच आठवला. डॉक्टरणीच्या हाताखालच्या माणसानं केरबाच्या मनगटाशी शीर शोधली. पहिल्यांदा ती सापडली नाही, दुसऱ्यांदा सुई लागली. "हे सूज उतरायचं," इंजेक्शन देताना डॉक्टरीण म्हणाली. "याला गुण यायला वेळ लागतो. तोवर वाफेवर धरायचं. त्यांच्याशी बोला तुम्ही. झोपू देऊ नका."

गाडी निघाली. बायडाबाईला काय बोलावं ते सुचेना. म्हसरं उपाशी असतील, ती म्हणाली. धोंडुबाई घालेल वैरण, म्हणाली. शेजारची धोंडुबाई होती खरी, पण तिला सांगितलं कुणी होतं? मग तेही संपलं. ती केरबाचा हात धरून बसली. तो हात गार आणि घामेजला होता. नखांत गुळाचा पाक वाळून चिकटला होता. वाटी संपली, डॉक्टरणीनं दुसरी भरली. बाहेर बैलगाड्या, दुकानं, शाळा सुटलेली पोरं मागं पडत होती. गाडीचा भोंगा वाजत होता, आणि त्या सगळ्या गलक्यात बायडाबाई कान लावून बसली होती. वाज, ती मनात म्हणत होती. वाज की. एकदा वाज.

कधी आली ते तिला सांगता आलं नसतं. आधी वाटलं, खिडकीच्या फटीतून वारा शिरला. मग केरबाची छाती उचलली आणि खाली गेली, आणि खाली जाताना वाजली. बारीक, चिरकी, ओळखीची. पुन्हा वाजली. डॉक्टरणीनं नळी लावून ऐकलं, वर बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले.

बायडाबाई तोंडात पदर कोंबून रडली.

कोल्हापूर जवळ आलं तेव्हा केरबानं डोळे नीट उघडले. मुखवट्याआडून तो काही बोलला. तिनं कान नेला.

"गूळ?"

"झाला," ती म्हणाली. "चांगला झाला." तिनं तो बघितलाच नव्हता.

आठवडाभर तो मोठ्या सरकारी दवाखान्यात होता. तिथल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. रोजचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही. निळा अंगावर पाहिजे, कोनाड्यात नाही. आणि धूर लांबूनसुद्धा नको, धुराचे कपडेसुद्धा जवळ नकोत. केरबा मान डोलावत होता. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "लांबूनसुदा न्हाय म्हनं."

घरी आल्यावर त्यानं गुऱ्हाळाचं नाव काढलं नाही. पंप अंगणातच बसून ओढायला लागला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. म्हशी धुवायचा, दावी वळायचा. चहा उकळायला लागला तरी तो उठून यायचा नाही. बायडाबाई पातेल्याशी थांबून राहायची. चहा कडू व्हायचा, मग तीच उतरवायची.

एक दिवस तो म्हणाला, "उदयसिंह म्हणत हुता, रव्याची फडकी धुवायला बाई पायजे."

"मला हितं काय कमी काम हाय व्हय?"

"जा की. तासभर जा."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो दाव्याचा पीळ घट्ट करत होता. ती दुसऱ्या दिवसापासून जायला लागली. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ज्या फडक्यांत बांधतात ती धुवायची, वाळत घालायची. सम्राट परत आला होता. गुणी पोरगा होता, पण काहिलीशी उभा राहिला की घाबरून भराभरा बोलायचा. पहिल्याच दिवशी उदयसिंहानं तिला कोठीत नेलं आणि कोपऱ्यात वेगळे ठेवलेले रवे दाखवले. सोन्यासारखे पिवळे. "तात्यांचं त्या दिसाचं आधण," तो म्हणाला. "इकू वाटंना मला." बायडाबाईनं एका रव्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

ते तिनं घरी येऊन सांगितलं. केरबानं पुन्हा पुन्हा रंगाचं विचारलं. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग तो रोज वाट बघायला लागला. ती यायची वेळ झाली की कट्ट्यावर येऊन बसायचा. तिनं मात्र शिस्त लावून घेतली होती. आल्या आल्या मागच्या परड्याच्या वाटेनं जायचं, लुगडं बदलायचं, अंघोळ करायची, मगच घरात पाऊल टाकायचं. तो कट्ट्यावरून विचारायचा आणि ती न्हाणीतून उत्तर द्यायची.

फाल्गुन लागला. हंगाम संपत आला होता. त्या दिवशी ऊन कलताना ती आली आणि परड्याकडं वळली, तेव्हा तो म्हणाला, "थांब जरा."

"अंगाला धूर हाय माज्या."

"ठावं हाय. तितंच हुबी ऱ्हा."

ती अंगणाच्या पार त्या टोकाला, शेवग्याखाली उभी राहिली. वारा हलकाच होता, तिच्याकडून त्याच्याकडं जाणारा. पंप त्याच्या शर्टाच्या खिशातून वर दिसत होता. केरबानं डोळे मिटले, मान जरा वर केली आणि नाकानं सावकाश श्वास घेतला. पुन्हा घेतला. छातीत काही वाजलं नाही.

"करपलंय," तो म्हणाला. "कडंला. जरासंच."

"व्हय. शेवटचं आधण. सम्राटला कळलं न्हाय."

"बुडबुडं बारीक झालं की वाट बगायची नसती. त्येनं बगितली."

"सांगू त्येला उद्या?"

केरबानं विचार केला. "नगं. कळंल त्येचं त्येला. मलाबी कुणी सांगितलं नव्हतं."

गोठ्यात म्हैस पाय आपटत होती, धारेची वेळ झाली होती.

"जा आता," तो म्हणाला. "धुऊन टाक त्ये."

"जाते," बायडाबाई म्हणाली. पण ती लगेच गेली नाही. लुगड्याचा पदर खांद्यावरून सोडून तिनं वाऱ्यावर जरा मोकळा धरला, आणि तशीच उभी राहिली.